कोठडीतला हिशेब

समजा, चोरी झाल्यावर लगेचच एखाद्या माणसाच्या घरी चोरीची सायकल सापडली. त्याला ती चोरताना पाहिलेला साक्षीदार कुणीच नाही. तरी कोर्ट त्याला विचारू शकतं, की बाबा रे, ही तुझ्याकडे आली कशी? पटण्याजोगं उत्तर आलं नाही, तर तोच चोर, किंवा चोरीचा माल जाणूनबुजून ठेवून घेणारा, असं गृहीत धरायची कोर्टाला मुभा आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 114 खाली हे पहिलंच उदाहरण होतं. 1 जुलै 2024 ला भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, कलमाचा आकडा 119 झाला, उदाहरण मात्र जसंच्या तसं राहिलं.

आता सायकलीच्या जागी माणूस ठेवून पाहा. धडधाकट माणसाला संध्याकाळी पोलीस ठाण्यात नेलं आणि तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्याच्या शवागारातून त्याचं प्रेत बाहेर आलं. अंगावर वळ आहेत. मधला सगळा वेळ तो कुणाच्या ताब्यात होता याबद्दल वादच नाही. इथे मात्र कलमाखाली असं उदाहरण नाही. उलट त्याच कलमाखाली दुसरं एक उदाहरण आहे: सरकारी कामं रीतसर पार पडली, असं कोर्टाला गृहीत धरता येतं. त्यामुळे स्टेशन डायरीत ‘आरोपीच्या छातीत दुखू लागल्याने उपचारास पाठविले’ अशी ओळ पडली, की खोडून दाखवायचं काम मेलेल्याच्या आईचं. ती तर ठाण्याच्या आवारातसुद्धा नव्हती.

पोलिसांनी उत्तरदायी असावं, या मागणीचा गाभा माझ्या मते एवढाच आहे. नवे आयोग, प्रशिक्षण, समुपदेशन, सगळं चांगलंच आहे, पण ते नंतरचं. ज्याच्या हातात किल्ली होती, दार बंद असताना आत काय झालं हे त्यानेच सांगायचं, की बाहेर उभं राहिलेल्यांनी?

हा प्रश्न महाराष्ट्रातल्याच एका ठाण्यात पहिल्यांदा एवढ्या ठळकपणे उभा राहिला. 26 मार्च 1972 ची रात्र. देसाईगंज, म्हणजे वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आज गडचिरोलीत आहे. मोलमजुरी करणारी एक अल्पवयीन आदिवासी मुलगी भावाने दिलेल्या तक्रारीपायी ठाण्यात आली होती. जबाब झाले. बाकीच्यांना जायला सांगितलं, तिला थांबवून घेतलं. आत अंधार झाला, दार लागलं. बाहेर तिची माणसं ताटकळत उभी. ती बाहेर आली, पोलिसाने बलात्कार केल्याचं तिने सांगितलं, आणि बघता बघता गर्दी जमली. ठाणं पेटवून देऊ, इथवर बोलणं गेलं, तेव्हा कुठे कागदावर लेखणी टेकली. तक्रार लिहून घ्यायची ती त्याच ठाण्याने, हे विसरू नका.

पुढचा प्रवास अनेकांना ठाऊक आहे. 1974 मध्ये सत्र न्यायालयाने आरोपी असलेल्या दोन्ही पोलिसांना सोडलं, 1976 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. कारण काय, तर अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती असणार. कुलूपबंद पोलीस ठाण्यात, रात्रीच्या वेळी, वर्दीतल्या माणसासमोर त्या मुलीने नकार सिद्ध करायचा होता, आणि तोही जखमा दाखवून. वर्षभराने कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. चारांतली दोन नावं मराठी. मार्च 1980 मध्ये महिला दिनाला शहराशहरांतून मोर्चे निघाले. मथुरा प्रकरण म्हणून ते देशभर गाजलं, आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

या बदलाचा नेमका सांधा बघण्यासारखा आहे. कलम 114अ आलं. ताब्यातल्या स्त्रीशी पोलिसाने शरीरसंबंध ठेवल्याचं सिद्ध झालं आणि संमती नव्हती असं तिने कोर्टात सांगितलं, तर संमती नव्हती असंच कोर्टाने धरून चालायचं. आरोपीला बचावाची संधी राहिली, पण बोलण्याची पाळी त्याची झाली. लोकांच्या रेट्याने पुराव्याचं ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेल्याचा आपल्याकडचा हा मोठा दाखला. मोर्च्यांनी काही होत नाही म्हणणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं.

पण ओझं हललं ते एका गुन्ह्यापुरतं. मारहाण आणि मृत्यू मागेच राहिले.

तेही सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेतून सुटलं नव्हतं. जानेवारी 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यापुढे उत्तर प्रदेशातल्या फतेहपूरकडचं एक प्रकरण होतं. पोलिसाने लाच मागितल्याची तक्रार एका शेतकऱ्याने वर केली होती. त्यानंतर त्याला उचललं, आणि कोर्टात आणलं तेव्हा तो चालण्याच्याही स्थितीत नव्हता. मॅजिस्ट्रेट खुर्ची सोडून बाहेर व्हरांड्यात आले, त्याच्या जखमा पाहिल्या, कुणी मारलं ते विचारलं आणि उत्तर लिहून घेतलं. त्याच दिवशी तो गेला. ते चार शब्द लिहिले गेले म्हणून शिक्षा होऊ शकली. निकालात चंद्रचूडांनी सरकारला सुचवलं, की पुराव्याच्या ओझ्याचा कायदा बदलण्याचा विचार करा. ताब्यातल्या माणसाचं काय झालं हे पोलिसांखेरीज कोण सांगणार? दर वेळी व्हरांड्यात येणारा मॅजिस्ट्रेट कुठून मिळणार, हा प्रश्न त्यात अध्याहृत आहे.

त्याच वर्षी विधी आयोगाने 113 व्या अहवालात कलम 114ब चा मसुदाच देऊन टाकला. ताब्यात असताना माणसाला इजा झाल्याचा पुरावा असेल, तर ती ताबा असणाऱ्या अधिकाऱ्यानेच केली असं कोर्ट गृहीत धरू शकेल. ‘शकेल’ हा शब्द मुद्दाम घातलेला. किती वेळ ताबा होता, जखमीने काय सांगितलं, डॉक्टर काय म्हणतात, मॅजिस्ट्रेटपुढे काय नोंदलं गेलं, हे सगळं पाहून मग कोर्टाने ठरवायचं. 1994 मध्ये आयोगाने पुन्हा तेच सांगितलं. 1995 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका कोठडीमृत्यूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की अशा प्रकरणांत डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार क्वचितच मिळतो, आणि पोलीस एकमेकांविरुद्ध तोंड उघडत नाहीत. 2017 मध्ये 273 वा अहवाल आला, शिफारस तीच. 2023 मध्ये सगळा पुरावा कायदा नव्याने लिहिला, तेव्हा 114अ हे कलम 120 होऊन आत आलं. 114ब बाहेरच राहिलं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व पोलिसालाही लागू आहे. ते नाकारलं, तर उद्या तेच हत्यार कुणावरही चालेल. मान्य. पण हे तत्त्व आपण कुठे कुठे वाकवलं आहे ते बघा. सायकलवाला आपण पाहिलाच. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई अनैसर्गिक रीतीने मेली आणि हुंड्यासाठी छळ झाल्याचं सिद्ध झालं, तर सासरच्यांनी आपलं निर्दोषपण दाखवायचं. घराच्या चार भिंतींत बायकोचा खून झाला आणि नवरा आत होता, तर काय घडलं याचा खुलासा त्याने करायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं. जी गोष्ट खास एखाद्यालाच माहीत असणार ती त्यानेच सांगावी, हे तर 1872 पासूनचं कलम आहे. झोपडीतल्या नवऱ्याला आपण जे विचारतो ते ठाणेदाराला विचारताना आपला तत्त्वनिष्ठपणा उफाळून येतो, एवढंच.

आणि गंमत म्हणजे, पोलिसांवर विश्वास टाकू नये हे इंग्रजांच्या कायद्यालाही कळलं होतं. 1855 मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाची सरकारी आयोगानेच चौकशी केली होती. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, तो का चालत नाही हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे मारून वदवून घेतलं असेल, ही शंका कायद्याने जन्मापासून बाळगली. त्या शंकेपोटी कबुली फेकून दिली, मात्र मार कुणी दिला ते विचारायचं राहून गेलं.

व्यवहारात विचारतात ते एकदाच, रिमांडच्या वेळी. आरोपी मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहतो, त्याच्या दंडाला धरून शिपाई उभा असतो. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ ‘नाही.’ झालं, कागदावर ‘तक्रार नाही’. आता पोलीस कोठडी (पीसीआर) मिळाली तर याच माणसांबरोबर परत जायचं आहे, हे त्या आरोपीला पक्कं माहीत असतं. त्याच्या ‘नाही’ला किती वजन द्यायचं?

परभणीत हेच झालं. 10 डिसेंबर 2024 ला डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली, शहर पेटलं, धरपकड झाली. कायद्याचा एक विद्यार्थी त्यात पकडला गेला आणि 15 तारखेला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. मारहाण झाली नसल्याचं त्याने मॅजिस्ट्रेटला सांगितलं होतं, असं विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा निघाल्या होत्या. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत ठपका पोलिसांवर आला. तरी गुन्हा नोंदवायला आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावं लागलं. जुलै 2025 मध्ये खंडपीठाने तसा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. मधल्या काळात वस्त्यांमधून मोर्चे निघाले, परभणीहून मुंबईकडे लाँग मार्च निघाला. सात महिने खर्ची पडले ते केवळ पहिल्या पायरीसाठी, एफआयआरसाठी.

अशा वेळी नातेवाईक म्हणतात, गुन्हा दाखल झाल्याशिवाय प्रेत ताब्यात घेणार नाही. शवागाराबाहेर बसलेल्या त्या लोकांना अडेलतट्टू म्हणणारे असतात. त्यांची भाषा नीट ऐकली तर ती कायद्याचीच आहे. हा तुमच्या ताब्यात होता, अजूनही तुमच्याच ताब्यात आहे, हिशेब द्या मग नेतो. कायद्याने जे ओझं पोलिसांवर टाकलं नाही ते हे लोक प्रेत नाकारून टाकतात, आणि दोन-चार दिवसांत प्रेत कुजायला लागलं की तेही हातातून जातं.

मोर्च्यांच्या निवेदनात निलंबन, सीबीआय चौकशी, आर्थिक मदत, कुटुंबातल्या एकाला नोकरी अशा मागण्या असतात. निलंबित माणूस काही महिन्यांत परत कामावर दिसतो. 114ब ची मागणी त्या कागदावर मला अजून दिसलेली नाही. देसाईगंजनंतरच्या लोकांनी थेट कायद्याला हात घातला होता, म्हणून त्यांच्या पदरात काही पडलं.

सीसीटीव्हीचंच घ्या. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसकट, कॅमेरे बसवायला आणि चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर तरी, जपून ठेवायला सांगितलं. तेव्हापासून ‘कॅमेरा बंद होता’, ‘हार्डडिस्क खराब झाली’ ही उत्तरं ऐकू येतात. आज या उत्तरांनी पोलिसांचं काहीच बिघडत नाही, कारण पुरावा कमी पडल्याचा तोटा फिर्यादीला होतो. 114ब असतं तर बंद कॅमेऱ्याने ठाणेदाराचीच बाजू लंगडी झाली असती. इजा झाली, ताबा तुमचा, आणि तुम्ही निर्दोष आहात हे दाखवू शकणारं एकमेव चित्रण तुम्हीच हरवलं. मग प्रत्येक ठाण्यातला कॅमेरा चालू आहे की नाही हे रोज सकाळी स्वतः ठाणेदारच बघून येईल, त्याला वरून परिपत्रक पाठवायची गरज पडणार नाही.