डोळ्यांनी पाहिले, म्हणून?

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिले" एवढे म्हटले की आपल्याकडे वाद मिटतो. चावडीवर मिटतो, घरात भावाभावांतही मिटतो. प्रत्यक्षाला प्रमाण कशाला, असे आपण म्हणतो. पण प्रत्यक्ष म्हणजे किती? डोळ्यांपुढे होते तेवढे सगळे, की ज्याच्या मागे डोळा गेला तेवढेच? हा प्रश्न मला ग्रंथाने घातला नाही. तो एका रिंगणाने घातला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वाखरीच्या अलीकडे बाजीरावाच्या विहिरीपाशी माउलींच्या पालखीचे गोल रिंगण लागले होते. पताकावाले धावले, तुळशीवाल्या माउल्या धावल्या, वीणेकरी धावले, आणि मग अश्व सुटले. पुढे स्वाराचा, मागे माउलींचा. सगळे डोळे त्या एका घोड्याबरोबर फिरत होते, माझेही. घोडा समोरून गेला आणि माझ्या शेजारची एक म्हातारी बाई धाडकन पडली. तिच्या पाठीशी एक तरुण पोरगा होता, त्याचा हात तिच्या खांद्यावर. मी भर गर्दीत ओरडलो, "काय रे, आईच्या वयाच्या बाईला ढकलतोस?" चार जण त्याच्यावर धावले. म्हातारी धूळ झटकत उठली आणि म्हणाली, "बुवा, त्यानं न्हाई ढकललं. माझाच पाय मुरगळला. त्यानं सावरलं म्हणून डोकं तरी वाचलं."

मी काय पाहिले होते? ढकलताना पाहिले असे मी शपथेवर सांगितले असते, आणि ते खोटे ठरले असते. तरी मी खोटे बोलत नव्हतो. हे कसे, ते पुढे जाणत्या डॉक्टरांना विचारून आणि वाचून थोडेफार समजले.

हात लांब करा आणि अंगठ्याचे नख पाहा. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध एक बारीक ठिकाण आहे. बारकावा दिसतो तो तेवढ्यातच, आणि त्यात एका वेळी साधारण त्या नखाएवढीच जागा मावते. बाकीचे सगळे अंधुक असते. म्हणून डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारीत हिंडतो. उडी चालू असताना दिसणे जवळजवळ बंद असते. आरशापुढे उभे राहून आधी एका डोळ्याकडे, मग दुसऱ्याकडे पाहा. स्वतःचे डोळे हलताना तुम्हाला कधी दिसायचे नाहीत. शेजारच्याला मात्र दिसतील.

आता दुसरी गंमत. समोरच्या भिंतीवरून नजर संथ सरकवत नेऊन बघा. जमत नाही, ती टप्प्याटप्प्याने उडते. तोच अंगठा डोळ्यांपुढून हळू न्या, नजर तेल ओतल्यासारखी त्याच्यामागे जाते. हलणारे काही मिळाले तरच डोळा असा संथ चालतो. दोन्ही डोळ्यांना सहा-सहा स्नायू, आणि त्यांची दोरी मेंदूच्या हाती. वस्तू हलली हे कळून डोळा निघायला सेकंदाचा दहावा भाग तरी जातो. घोडा सेकंदाला दहा मीटर धावत असेल तर तेवढ्यात तो मीटरभर पुढे गेलेला असतो. पण फेऱ्याची चाल एकदा ध्यानी आली की मेंदू आधीच अंदाज बांधतो आणि डोळा मागे राहत नाही. घोडा रिंगणाच्या पलीकडे असतो तेव्हा हे सोपे. तोच अगदी समोरून गेला की डोळ्याला कितीतरी पटींनी वेगाने फिरावे लागते, ते साधत नाही, मग तो उडी मारून घोडा गाठतो. म्हातारी पडली ती नेमकी याच क्षणी!

आमच्या पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवीत. मन अणू आहे, त्याला एका वेळी एकच ज्ञान होते, असे नैयायिक म्हणतात. मग सगळे एकदम कळल्यासारखे का वाटते? गौतमांनी न्यायसूत्रांत अलातचक्राचा दृष्टांत दिला आहे. जळते कोलीत गरगर फिरवले की अग्नीचे कडे दिसते. कडे कुठेच नसते, कोलीत एका वेळी एकाच जागी असते. डोळ्यातले तेज बाहेर जाऊन वस्तूला भेटते, हे त्याच नैयायिकांचे म्हणणे आज टिकत नाही. प्रकाश बाहेरून डोळ्यात येतो. पण कोलिताचा दृष्टांत माझ्यावर तंतोतंत बसला. मी पाहिला घोडा, मग पाहिली पडलेली बाई आणि खांद्यावरचा हात. मधले कडे मनाने जुळवले आणि त्याला मी "पाहिले" म्हटले.

कोणी म्हणेल, बुवा, मग साक्ष द्यायचीच नाही का? तसे नव्हे. ज्याच्या मागे डोळा होता ते ठामपणे सांगावे. घोडा धावला हे मी आजही सांगेन. पण ज्याच्या मागे डोळा नव्हता, तिथे "मला वाटले" म्हणावे. "वाटले" म्हणण्यात कमीपणा नाही. गर्दीत कोणी "चोर, चोर" ओरडतो, शंभर हात उठतात, आणि त्या शंभरांतल्या एकाचाही डोळा चोरीच्या वेळी तिथे नसतो. डोळ्याची मर्यादा हा दोष नाही. ती मर्यादा विसरून दुसऱ्याच्या अंगावर हात टाकणे, हा दोष आहे, आणि तो आपला आहे.

त्या दिवशी माफी मागायला मी वळलो, तोवर रिंगण मोडले होते. लोक टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी लोटले होते. तो पोरगा आपल्या दिंडीत निघून गेला. पुढच्या वाऱ्यांत मी त्याला शोधतो, पण मला त्याचा चेहरा आठवत नाही. आठवतो तो फक्त हात. चेहरा मी पाहिलाच नव्हता.