उकिरड्याची जागा

वऱ्हाडातील खेड्यांत उकिरड्यावरून होणारे तंटे जुनेच आहेत. परंतु अमरावती-अकोल्याच्या सदनिकासंकुलांत आज जे तंटे होतात, त्यांच्या अगदी उलट त्यांची प्रकृती होती. कपाशीच्या काळ्या जमिनीस खत हवे असे, आणि घरचे शेण, राख, पालापाचोळा व उष्टेखरकटे ज्या खड्ड्यात मुरत असे तो खड्डा शेतकऱ्याची मालमत्ता असे. म्हणून वाद पेटलाच तर तो ‘ही जागा माझी’ असे ठासून सांगण्यासाठी पेटे. जठारपेठेत किंवा रुक्मिणीनगरात जुना बंगला पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीच्या सभेत कचराकुंडीचा विषय निघाला, की प्रत्येकाचा आग्रह एवढाच असतो, की ती माझ्या खिडकीखाली नको.

या भांडणास नागरिकांचा हेकेखोरपणा म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. कारण यातील बहुतेकांची कैफियत आपापल्या परीने खरी असते. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि सकाळचा ओला कचरा संध्याकाळपर्यंत आंबतो. तेव्हा तळमजल्यावरच्या कुटुंबाची दुर्गंधीविषयीची तक्रार लहरी म्हणता येत नाही. ईशान्येचा कोपरा सुचवावा तर वास्तुशास्त्र आडवे येते, मागची बाजू सुचवावी तर तेथे पाण्याचे भूमिगत टाके असते, पुढची सुचवावी तर मोटारींची वाट अडते. अखेरीस कुंडी जाते ती सामासिक अंतरात, म्हणजे वारा, उजेड आणि अग्निशामक गाडी यांच्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यात. नाहीतर कुंपणाच्या भिंतीपलीकडे, ले-आऊटमधील एखाद्या रिकाम्या भूखंडाच्या तोंडाशी. मग शेजारी महानगरपालिकेत अर्ज देतो, आणि जी कुंडी स्वच्छतेच्या दृष्टीने असलीच पाहिजे, तिचाच आडोसा नगररचनेच्या दृष्टीने अनधिकृत बांधकाम ठरतो.

या गोंधळाचे मूळ नकाशात आहे. राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. तिने एका मोटारीसाठी २.५ मीटर रुंद व ५ मीटर लांब जागा काटेकोरपणे नेमून दिली. कचऱ्याचा विचार तिने केलाच नाही असे नाही. ४,००० चौरस मीटरांपेक्षा अधिक बांधकाम असलेल्या गृहसंकुलांवर ओल्या कचऱ्यावर आवारातच प्रक्रिया करण्याची सक्ती तिच्यात आहे. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनीही ओला, सुका व घरगुती घातक असे वर्गीकरण प्रत्येक घरावर बंधनकारक केले, परंतु मोठ्या उत्पादकाचे विशेष दायित्व दिवसाला सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यावर ठेवले. आपल्या दोन्ही शहरांत सर्वत्र आढळणारी दहाबारा सदनिकांची इमारत यांपैकी कोणत्याही मर्यादेच्या आसपास पोचत नाही. तिला कचऱ्याचे वेगवेगळे भाग करण्याचा हुकूम आहे. ते भाग ठेवायचे कोठे, याची तजवीज मात्र तिच्या मंजूर नकाशात क्वचितच आढळते.

यावर असे म्हटले जाईल, की घंटागाडी दारी येते, शहरे कुंडीमुक्त करण्याचे धोरण आहे, मग जागेचा खटाटोप कशाला? परंतु घंटागाडी तिच्या वेळेला येते, आणि त्या वेळेला घरात कोणीतरी असेलच असे नाही. सणावारी ती चुकते, पावसात रखडते. कचरा निर्माण होणे आणि तो उचलला जाणे यांत जे तास जातात त्यांना भूमीवर कोठेतरी स्थान लागतेच. ते आपण नेमले नाही तर ते आपोआप नेमले जाते. आणि ते बहुधा ज्याचा आवाज सभेत सर्वांत क्षीण त्याच्या दाराशी. गावकुसाबाहेर घाण आणि माणसे दोन्ही लोटून देणाऱ्या समाजाला ही रीत नवी नाही, एवढे सांगणे पुरे आहे.

दायित्व कोणाचे, याविषयी दोन दाखले मार्गदर्शक आहेत. पॅरिसचा प्रशासक युजेन पुबेल याने १८८३ च्या अखेरीस हुकूम काढून झाकणाची भांडी पुरविण्याचे बंधन घातले ते भाडेकरूंवर नव्हे, घरमालकांवर. कचऱ्याचे तीन भाग करण्याचा दंडकही त्याने तेव्हाच घालून दिला होता. आपल्याकडे रतलामच्या रहिवाशांनी गटारांच्या व घाणीच्या उपद्रवाबद्दल दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली निर्णय दिला, की तिजोरी रिकामी असल्याची सबब सांगून नगरपालिकेला आपल्या मूलभूत कर्तव्यातून सुटता येणार नाही. म्हणजे इमारत बांधणाऱ्याने जागा द्यावी आणि शहराने ती मागून घ्यावी, हा क्रम आहे. रहिवाशाचे कर्तव्य त्यानंतर सुरू होते.

आपण मात्र हा क्रम उलटा केला आहे. शेंडगावी जन्मलेल्या आणि १९५६ साली वलगावनजीक देह ठेवलेल्या गाडगे महाराजांचे नाव आपण विद्यापीठाला दिले, अभियानाला दिले, आणि स्वच्छता हा व्यक्तीच्या सद्गुणाचा विषय आहे अशी समजूत करून घेतली. सद्गुण आवश्यक आहेच. पण ज्याच्या हातातील टोपली ठेवायला जागाच नाही, त्याला उपदेश करणे ही एक प्रकारची चालढकल आहे.

कुंडीच्या जागेचा निर्णय न्याय्य व्हायचा असेल तर तो अशा क्षणी व्हावा, ज्या क्षणी कोणती सदनिका कोणाची हे ठरलेलेच नसते. असा क्षण नकाशाच्या मंजुरीचाच होय. तेव्हा वाऱ्याची दिशा, खिडक्यांपासूनचे अंतर, धुण्यासाठी पाणी व निचरा आणि सफाई कामगाराची सुलभ वाट एवढेच निकष उरतात. पुढे घेणाऱ्याला ती जागा खरेदीखतासोबतच्या नकाशात दिसते, आणि तळमजल्याची किंमत तो ती पाहूनच ठरवितो. म्हणून अमरावती व अकोला या दोन्ही महानगरपालिकांच्या नगररचना विभागांनी, इमारत कितीही लहान असो, झाकलेल्या कचराघराची जागा नकाशात दाखविल्याखेरीज बांधकामास मंजुरी देऊ नये आणि ती प्रत्यक्ष बांधलेली पाहिल्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. जुन्या इमारतींना सामासिक अंतरात, अग्निशामक वाट न अडविता, ठराविक मापाचा आडोसा उभारण्याची स्पष्ट मुभा द्यावी. यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. ठराव लागतो, आणि त्याचा अंमल लागतो.