आधी कारण, मग सूत्र

बेळगावातल्या शहापूर, खासबाग, वडगाव या विणकरांच्या वस्त्यांतली कितीतरी मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं की एकदम इंग्रजीत जाऊन पडतात. कन्नड माध्यमातून आलेल्यांचीही तीच गत. दुसऱ्या वर्षी इंटिग्रेशन बाय पार्ट्स येतं, तेव्हा त्यांच्या हाती सूत्रासोबत एक शब्द दिला जातो: ‘आयलेट’. इन्व्हर्स, लॉग, अल्जिब्रा, ट्रिग, एक्स्पोनेन्शियल. यादीत जे आधी, ते पहिलं फलन, म्हणजे ज्याचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं ते. या आधारावर मार्क मिळतातही, पण गणितातली एक देखणी कल्पना मुलांना न भेटताच निघून जाते. मला हे नुकसान मोठं वाटतं.

खरं तर या सूत्रात गूढ काही नाही. गुणाकाराच्या डेरिव्हेटिव्हचा नियम मुलांना आधीच येत असतो: पहिलं तसंच ठेवून दुसऱ्याचं डेरिव्हेटिव्ह, अधिक दुसरं तसंच ठेवून पहिल्याचं. दोन्ही बाजूंचं इंटिग्रेशन करा, एक पद पलीकडे न्या; सूत्र तयार. ब्रूक टेलरच्या १७१५ सालच्या ग्रंथात ही रीत आहे.

मात्र हे सूत्र थेट उत्तर देत नाही. ते एक इंटिग्रल घेतं आणि बदल्यात दुसरं देतं. म्हणून दर वेळी एकच प्रश्न विचारायचा: नवं इंटिग्रल जुन्यापेक्षा सोपं झालं का? एक्स गुणिले ई-चा-एक्स-घात घ्या. एक्सचं डेरिव्हेटिव्ह घेतलं की नुसता एक उरतो आणि गणित सुटतं. उलट निवड केली, तर एक्सचा वर्ग येऊन बसतो आणि गणित आणखी अवघड होतं. ही चुकीची वाट फळ्यावर एकदा शेवटपर्यंत चालून दाखवली, तर क्रम पाठ करायची गरज उरत नाही. लॉग पुढे का, हेही उमगतं: त्याचं इंटिग्रेशन चटकन सापडत नाही, पण डेरिव्हेटिव्ह साधा अपूर्णांक असतो. म्हणूनच एकट्या लॉग एक्सला एकने गुणायचं, एकचं इंटिग्रेशन करायचं, आणि उत्तर येतं: एक्स लॉग एक्स वजा एक्स, अधिक स्थिरांक.

आयलेटसारखा क्रम हर्बर्ट कासूबे यांनी १९८३ साली ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’मधल्या छोट्या टिपणात मांडला होता. तो उपयोगी आहेच, पण कारण माहीत नसेल तर तो अडचणीत सोडून जातो. एक्सचा घन गुणिले ई-चा-एक्स-वर्ग-घात हे उदाहरण पाहा. यादीप्रमाणे अख्खा घन पहिला घेतला, तर उरलेल्या ई-चा-एक्स-वर्ग-घाताचं इंटिग्रेशन नेहमीच्या फलनांत होतच नाही. घनातला एक एक्स त्याच्या सोबतीला दिला की ते लगेच होतं. हे यादी सांगत नाही, विचार सांगतो. ई-चा-एक्स-घात गुणिले कॉस एक्समध्ये दोनदा रीत लावली की मूळ इंटिग्रल उणे चिन्ह घेऊन परत येतं. ते डावीकडे नेऊन दोनाने भागायचं. पण दुसऱ्या वेळी निवड उलटी केली, तर शून्य बरोबर शून्य एवढंच हाती लागतं.

प्रश्नाचं रूप बदलायचं, आणि कुठल्या बाजूने बदलायचं हे स्वतः ठरवायचं, हे या धड्याचं खरं शिक्षण आहे. अशी पारख मूल ज्या भाषेत विचार करतं त्याच भाषेत तयार होते. परीक्षा इंग्रजीत असू दे, संज्ञाही इंग्रजी असू देत. पण ‘हेच पहिलं का?’ हा प्रश्न वर्गात मराठीत, कन्नडात, घरच्या बोलीत विचारला गेला पाहिजे. शिक्षकांना माझी विनंती आहे: आयलेट जरूर सांगा, पण कारण सांगून झाल्यावर. आणि मुलांनो, पेन टेकवण्याआधी निवडीचं कारण शेजारच्या मित्राला आपल्या शब्दांत सांगून बघा. ते सांगता आलं, तर धडा तुम्हाला आला.