पाण्याखालचा युद्धधर्म

सौप्तिकपर्वांतील अश्वत्थामा कोणासही आवडत नाहीं. झोपलेल्यांवर रात्रीं घाला घालणारा तो वीर नव्हे, हा निवाडा आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. पण ज्या शस्त्राचें सारें सामर्थ्यच लपून राहण्यांत आहे, तें हातीं आलेल्या मनुष्यानें काय करावें? १९१४ सालच्या महायुद्धांत पाणबुड्यांच्या नायकांपुढें हा प्रश्न उभा राहिला, आणि त्यांच्यांतील दोघांनीं त्याचीं दोन निराळीं उत्तरें दिलीं. दोघेही जर्मन, दोघांचाही समुद्र भूमध्य.

एकाचें उत्तर मुंबईच्या वाटेवरच मिळालें. पी. अँड ओ. कंपनीची 'पर्शिया' ही बोट लंडनहून मुंबईस येत असतां ३० डिसेंबर १९१५ रोजीं क्रीट बेटाच्या दक्षिणेस माक्स व्हालेंटिनर याच्या यू-३८ या पाणबुडीनें तिच्यावर कसलीही सूचना न देतां टॉर्पेडो सोडला. बोट कांहीं मिनिटांतच तळाशीं गेली. तिच्यावरील ५१९ माणसांपैकीं ३४३ मेलीं. या कंपनीच्या बोटींवर त्या काळीं कोंकणचे खलाशी आणि गोव्याचे बटलर चाकरीस असत, हें वाचकांस सांगावयास नको.

दुसरा नायक लोथार फोन आर्नो द ला पेरियेर. नांव फ्रेंच वळणाचें. कारण त्याचे पूर्वज फ्रान्स सोडून प्रशियाच्या पदरीं राहिले होते. याचा जन्म १८८६ सालचा, पोझन येथील. यू-३५ ही पाणबुडी हातीं आल्यावर यानें बहुधा जुना आरमारी कायदाच पाळिला. पाण्यावर यावें, व्यापारी जहाज थांबवावें, कागदपत्र पाहावे, खलाशांना होड्यांत उतरूं द्यावें, जवळचें बंदर कोणत्या दिशेस आहे तें सांगावें, आणि मग रिकामें जहाज तोफेनें बुडवावें, असा तो क्रम. २६ जुलै ते २० ऑगस्ट १९१६ या एकाच सफरींत त्यानें अशीं ५४ जहाजें बुडविलीं. त्यांचें वजन ९० हजार टनांवर गेलें. सफरीचा खर्च तोफेचे सुमारें ९०० गोळे आणि टॉर्पेडो अवघे चार! ही सफर त्याला स्वतःला अगदीं नीरस वाटली होती. पुढें युद्ध संपेपर्यंत त्याचा आंकडा १९४ जहाजें व साडेचार लाख टन असा झाला. व्हालेंटिनरचा आंकडा तीन लाख टनांच्या आसपास राहिला. आर्नोची बरोबरी नंतरच्या कोणत्याही देशाच्या पाणबुडीनायकास साधली नाहीं.

गरजेपुढें कायदा नसतो, निर्दय झाल्यावांचून युद्धांत यश नाहीं, असें म्हणणाऱ्यांना आम्ही नेहमीं हा हिशेब दाखवितों. तरी प्रतिपक्षाचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हे. १९ ऑगस्ट १९१५ रोजीं 'बॅरालाँग' या इंग्रजी फसव्या जहाजानें अमेरिकन निशाण दाखवून यू-२७ जवळ जाऊन ती बुडविली, आणि पाण्यांत पडलेल्या तिच्या खलाशांनाही ठार केलें. यानंतर वर येणारा प्रत्येक नायक आपल्या माणसांचे प्राण पणास लावीत होता. व्हालेंटिनरनें हा धोका टाळिला; आर्नोनें तो पत्करला. जर्मन बादशहानें मात्र दोघांनाही एकच मानचिन्ह दिलें. 'पूर ल मेरित' आर्नोस मिळालें ११ ऑक्टोबर १९१६ रोजीं, आणि व्हालेंटिनरला त्याच वर्षाच्या २६ डिसेंबरास.

येथें थांबतां आलें असतें तर लेख सोपा झाला असता. पण बुडालेल्या त्या ५४ जहाजांत कितीतरी लहान इटालियन शिडाचीं गलबतें होतीं. गलबत गेलें म्हणजे तांडेलाचा संसारच गेला. त्याला बंदराची दिशा दाखविणें ही दया खरी, पण फार स्वस्तांतली. शिवाय भर समुद्रांतील होडी ही सुरक्षित जागा म्हणावी काय? १९३६ च्या लंडनच्या करारांत हवा, समुद्र आणि किनाऱ्याचें अंतर पाहिल्याखेरीज ती तशी मानूं नये, असें राष्ट्रांनीं ठरविलें.

आणि मग 'गॅलिया'. मानचिन्ह मिळण्याच्या सातच दिवस आधीं, ४ ऑक्टोबर १९१६ रोजीं, हें फ्रेंच जहाज सैनिक घेऊन सार्डिनिया व ट्युनिस यांच्यामधून जात होतें. सैनिक नेणाऱ्या जहाजास सूचना देण्याचें बंधन कायद्यांत नाहीं. आर्नोनें एक टॉर्पेडो सोडला, आणि हजाराहून अधिक माणसें गेलीं. पाण्याखालून त्यानें जें पाहिलें त्याचा आनंद त्याला वाटला नाहीं, असें त्यानें पुढें लॉवेल टॉमस या अमेरिकन लेखकापाशीं सांगितलें. आमच्या एका विद्यार्थ्यानें यावर विचारिलें, "सर, नियमानें मेल्यामुळें त्या शिपायांना काय मिळालें?" आम्ही म्हणालों, त्यांना कांहीं नाहीं, गलबतांवरच्या खलाशांना जीव मिळाला. मुलगा खालीं बसला, पण त्याचें समाधान झालें नव्हतें. खरें सांगावयाचें तर आमचेंही नव्हतें.

कारण नियम फक्त शस्त्र कसें चालवावें एवढेंच सांगतो. तें कोणासाठीं चालवावें हें सांगत नाहीं. आर्नोचें पुढील आयुष्य पाहतां हें आम्हांस अधिकच जाणवतें. युद्धानंतरही तो आरमारांत राहिला. ज्या नांवाच्या जहाजानें १९१४ सालीं मद्रासेवर गोळे टाकिले, त्याच 'एमडन' नांवाच्या नव्या क्रूझरचा तो १९२८ पासून नायक होता. १९३१ त निवृत्त होऊन तो तुर्कस्थानांत आरमारी विद्यालयांत शिकवूं लागला. १९३९ सालीं बोलावणें आलें. हिटलरच्या जर्मनीचें बोलावणें! कागदपत्र पाहिल्यावांचून परक्याचें गलबतही न बुडविणारा हा मनुष्य त्या बोलावण्यासरशीं कामावर रुजू झाला. डान्झिग, मग हॉलंड-बेल्जियम, मग ब्रिटनी असे किनारे त्याच्या ताब्यांत आले. म्हणजे ज्या देशाचें नांव त्याचें कुळ मिरवीत होतें, त्याच देशाच्या जिंकलेल्या किनाऱ्यावर तो अधिकारी झाला. २४ फेब्रुवारी १९४१ रोजीं पॅरिसजवळ ल बुर्जे येथें विमान कोसळून तो मेला. व्हालेंटिनर १९४९ पर्यंत जगला.