नियमात बसणारी धडक

एडिसनला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने मागे एकदा व्हॉट्सअॅपवर एक क्लिप पाठवली. सोबत दोनच शब्द : 'आमचा कॅप्टन'. आइस हॉकीची क्लिप. एक धिप्पाड खेळाडू पक घेऊन निळी रेषा ओलांडतो. मान खाली, नजर पकवर. दुसऱ्या बाजूने एक जण घसरत येतो आणि नेमक्या क्षणी खांदा घालतो. खांदा पहिल्याच्या डोक्यावर बसतो. सहा फूट चार इंचांचा माणूस पोत्यासारखा बर्फावर पडतो.

मी ती क्लिप लागोपाठ चार वेळा पाहिली. आवडली म्हणून पाहिली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे म्हणणार आहे ते सोवळं नेसून म्हणत नाहीये.

पडलेला खेळाडू फिलाडेल्फिया फ्लायर्सचा एरिक लिंड्रोस. धडक देणारा न्यू जर्सी डेव्हिल्सचा कर्णधार, डिफेन्समन स्कॉट स्टीव्हन्स. तारीख २६ मे २०००. ईस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम मालिकेतला सातवा, निर्णायक सामना. मालिकेत ३-१ असे मागे पडलेले डेव्हिल्स हा सामना २-१ असा जिंकले, पुढे स्टॅनले कपही जिंकले. त्या प्लेऑफ्समधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्मिथ ट्रॉफी स्टीव्हन्सला मिळाली. लिंड्रोस फ्लायर्सच्या जर्सीत पुन्हा कधीच खेळला नाही.

आणि स्टीव्हन्सला या धडकेबद्दल शिक्षा झाली नाही. दोन मिनिटांचीसुद्धा नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एका संघाचे एका वेळी गोलकीपर धरून सहा जण बर्फावर असतात, त्यातले साधारणपणे दोन डिफेन्समन. आपल्या गोलसमोरची जागा मोकळी ठेवायची, येणाऱ्या फटक्यासमोर स्वतःचं शरीर आडवं घालायचं, आणि ज्याच्याकडे पक आहे त्याला अंगाने धडकून पकपासून वेगळं करायचं, ही त्यांची कामं. या धडकेला बॉडी चेक म्हणतात आणि ती खेळाचा अधिकृत भाग आहे. कोपर मारलं तर शिक्षा, काठी मारली तर शिक्षा. पण पक असलेल्या खेळाडूला समोरून खांद्याने धडक दिली आणि तो खांदा डोक्याला लागला, तर २००० साली त्यात नियमबाह्य काही नव्हतं. स्टीव्हन्स या कलेतला उस्ताद होता. २२ हंगाम, १६३५ सामने, तीन स्टॅनले कप. तो बर्फावर असला की समोरचे खेळाडू मैदानाच्या मधून यायला बिचकायचे. त्याची अर्धी किंमत त्या बिचकण्यात होती.

लिंड्रोस पडल्यावर जे म्हटलं गेलं ते हॉकीत लहानपणापासून शिकवतात तेच : मान वर ठेवायची असते. मधल्या पट्ट्यातून मान खाली घालून आलास, तर चूक तुझी.

हे वाक्य मला आधी पटलं होतं. नंतर ते घशात अडकायला लागलं. सल्ला म्हणून ते उत्तमच आहे. पण तेच वाक्य निकाल म्हणून वापरलं की सगळी जबाबदारी पडणाऱ्याच्या खात्यात जमा होते आणि पाडणारा नामानिराळा राहतो. वेगात येणाऱ्या गाडीकडे लक्ष दे असं आपण पायी चालणाऱ्याला सांगतोच. म्हणून गाडीवाल्याचं काम संपतं का?

महाभारतातलं गदायुद्ध आठवा. भीम दुर्योधनाच्या मांडीवर गदा मारतो आणि बलराम खवळतो, कारण कमरेखाली वार करायचा नाही हा नियम होता. तिथे वाद घालायला निदान जागा आहे : नियम मोडला, पण कशासाठी मोडला? स्टीव्हन्सच्या बाबतीत बलरामालाही चिडता आलं नसतं. नियम तर पाळला गेला होता. म्हणूनच हा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो.

एक गोष्ट क्लिपमध्ये दिसत नाही. लिंड्रोस त्या हंगामात आधीच कन्कशनमुळे बाहेर बसला होता (क्रिकेटमधल्या कन्कशन सबस्टिट्यूटमुळे हा शब्द आता आपल्याला नवा नाही) आणि आदल्याच, म्हणजे सहाव्या सामन्यात परतला होता. त्याचा धाकटा भाऊ ब्रेट याच कारणाने १९९६ मध्ये, विसाव्या वर्षी निवृत्त झाला होता. ही काही गुपितं नव्हती. एरिकचं डोकं नाजूक आहे हे प्रेक्षकांतल्या पोरांनाही माहीत होतं.

मग स्टीव्हन्सने काय करायला हवं होतं? सोडून द्यायचं? मी इथे बराच काळ अडकलो. सातवा सामना आहे, समोर प्रतिस्पर्ध्याचा सगळ्यात धोकादायक खेळाडू पक घेऊन आत शिरतोय. डिफेन्समनने दया म्हणून बाजूला व्हायचं, तर ती दया त्याच्या खिशातून जात नाही; त्याच्या गोलकीपरच्या, बाकी साथीदारांच्या खिशातून जाते. शिवाय लिंड्रोसला ती अपमानास्पद वाटली असती, असं मला वाटतं. तो स्वतः लोकांना अंगाने चिरडत मोठा झालेला खेळाडू होता. पण सोडून देणं आणि डोकं फोडणं यांच्यामध्येही बरंच काही असतं. छातीवर धडक देता येते. काठीने पक काढून घेता येतो. मात्र ही निवड करायला अर्धा सेकंद मिळतो आणि अर्ध्या सेकंदात माणूस विचार करत नाही, सवय विचार करते. मग प्रश्न त्या संध्याकाळचा उरत नाही, सवय लावणाऱ्या वीस वर्षांचा होतो. त्या वीस वर्षांत प्रत्येक धडकेनंतर कोण उभं राहून ओरडत होतं? माझ्यासारखेच.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सने एका लॉरी ड्रायव्हरचं उदाहरण दिलं आहे. त्याची काहीच चूक नसताना एक मूल त्याच्या गाडीखाली येतं. लोक त्याची समजूत घालतात, तुझा दोष नाही म्हणतात, आणि ते खरंही असतं. तरी तो फार लवकर, फार सहज सावरला, तर आपल्यालाच कसंतरी होतं. दोष नसतानाही 'हे माझ्या हातून झालं' हा सल बघणाऱ्याच्या दुःखापेक्षा वेगळा असतो, तो असायला हवा, असं विल्यम्सचं म्हणणं. स्टीव्हन्स ड्रायव्हरपेक्षा एक पायरी पुढे उभा आहे. धडक त्याला हवी होती, फक्त इजा नको असेल. मी त्याला गुन्हेगार म्हणणार नाही. पण 'नियमात होतं' एवढ्यावर त्याची सुटकाही करणार नाही.

तीन वर्षांनी, २००३ च्या अंतिम मालिकेत, त्याने अॅनाहाइमच्या पॉल करियाला असंच पाडलं. करिया निश्चल पडला होता. मग हेल्मेटच्या काचेवर श्वासाची वाफ धरली आणि लोकांचा जीव भांड्यात पडला. तो त्याच सामन्यात परत आला आणि त्याने गोल केला. ही शौर्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते. बेशुद्ध पडलेल्या माणसाला त्याच रात्री परत पाठवलं, अशीही ती सांगता येईल.

नियम बदलला २०१० मध्ये. मार्क सॅव्हर्डला मॅट कूकची धडक बसल्यावर एनएचएलने डोक्याला लक्ष्य करणाऱ्या आंधळ्या बाजूच्या धडकेवर बंदी आणली. पुढच्या वर्षी दिशेची अटही काढली. म्हणजे कालपर्यंत टाळ्या मिळवणारी गोष्ट आज निलंबन मिळवते. २०१८ मध्ये लीगने तीनशेहून अधिक माजी खेळाडूंशी मेंदूच्या दुखापतींच्या दाव्यांत सुमारे १.९ कोटी डॉलरवर तडजोड केली, जबाबदारी मान्य न करता. नामानिराळं राहण्याची सवय एकट्या खेळाडूची नसते.

स्टीव्हन्सचा शेवटही डोक्यानेच झाला. २००३ च्याच प्लेऑफ्समध्ये एक फटका त्याच्या कानावर बसला. तो खेळत राहिला, कप जिंकला, पण जानेवारी २००४ नंतर कन्कशनच्या त्रासामुळे बर्फावर उतरू शकला नाही. क्लिपखाली लोक लिहितात, 'कर्माची फळं'. मला हा हिशेब स्वस्तातला वाटतो. तो पक त्याला लागला ते फटका अडवताना, म्हणजे त्याच्या कामाचा जो भाग निव्वळ सोसण्याचा आहे तो करताना. आणि कर्माचाच न्याय लावायचा, तर लिंड्रोसलाही लावावा लागेल. असा न्याय लावला की सगळ्यांचा हिशेब मिटतो, आणि चार वेळा क्लिप बघणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

मावसभावाचा मुलगा एडिसनला आइस हॉकी खेळतो, डिफेन्समन म्हणूनच. बारा वर्षांचा आहे. अमेरिकेत मुलांच्या या खेळात तेराव्या-चौदाव्या वर्षांच्या गटापर्यंत बॉडी चेकला परवानगी नाही, म्हणजे त्याचं आता सुरू होईल. परवा व्हिडिओ कॉलवर मी दादाला विचारलं, त्याला काय सांगतोस?

"मान वर ठेव म्हणतो. रोज म्हणतो."

"आणि समोरच्याची मान खाली असेल तर?"

तो जरा वेळ गप्प बसला. म्हणाला, ते कोच बघतील. मग मी विचारलं, ती क्लिप त्याला दाखवली आहेस का?

"अरे, त्यानेच मला पाठवली होती."