वियोग आणि स्मरण

श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांत नवस फेडणारे असतात, तसेच नुकतेच आप्तवियोगाचे दुःख सोसलेलेही असतात. अशा भाविकांच्या मनात पुष्कळदा एक शंका असते. आत्मा अमर आहे असे शास्त्र सांगते. मग गेलेल्यासाठी रडणे ही श्रद्धेची उणीव तर नव्हे?

या शंकेचे उत्तर संतचरित्रांत आहे. शके १२१८ (इ. स. १२९६) मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीस श्रीज्ञानेश्वर महाराजांनी आळंदी येथे संजीवन समाधी घेतली. संत नामदेवांच्या समाधीविषयक अभंगांत त्या प्रसंगाचे वर्णन आहे. सारा संतमेळा शोकाकुल झालेला दिसतो. निवृत्तिनाथ हे ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि सद्गुरूही. परंतु त्यांनाही शोक आवरत नाही. ज्यांनी ज्ञान दिले त्यांचेच अंतःकरण असे द्रवले, तेथे सामान्य प्रापंचिकाने अश्रूंची लाज का बाळगावी? अश्रू हे अज्ञानाचे नव्हे, प्रेमाचे लक्षण होय.

मात्र संतांनी शोकापाशी मुक्काम केला नाही. परंपरेनुसार नामदेव महाराज पुढे इ. स. १३५० पर्यंत होते. त्या दीर्घ काळात त्यांनी नामभक्ती पंजाबपर्यंत पोहोचविली. सख्याचा वियोग त्यांनी सेवेत मुरविला. आजही आळंदीच्या समाधी सोहळ्यात त्यांच्या वंशजांचे कीर्तन होते. आषाढी वारीत पालखीत पादुका असतात. पण वारकरी म्हणतात, ‘माउली निघाले’, ‘माउली विसाव्याला थांबले’. सात शतके लोटली, तरी त्यांच्या बोलण्यात माउलींसाठी भूतकाळ आला नाही.

सामान्य गृहस्थासाठी हीच वाट शास्त्राने श्राद्धाच्या रूपाने आखून दिली आहे. ‘श्राद्ध’ हा शब्द श्रद्धेपासून आला आहे, तर ‘तर्पण’ म्हणजे तृप्त करणे. पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचे नाव घेऊन तीळ व पाणी अर्पण केले जाते. ज्यांची तिथी ज्ञात नाही, त्यांच्यासाठी भाद्रपदातील सर्वपित्री अमावास्या आहे. कोणीही विसरले जाऊ नये, एवढी काळजी या परंपरेने घेतली आहे.

म्हणून ज्यांच्या घरी दुःख ताजे आहे, त्यांनी मन आवरण्याची घाई करू नये. वडिलांची नित्य पूजा असेल तर ती पुढे चालवावी. आईच्या हातून भुकेल्यास घास मिळत असेल तर तो बंद पडू देऊ नये. पुण्यस्मरणार्थ अन्नदान करणाऱ्यांनीही रकमेपेक्षा भाव मोठा मानावा. ज्यास तेही शक्य नाही, त्याने ओंजळभर पाणी द्यावे व नाव घ्यावे. देह पंचतत्त्वांत विलीन होतो. ऋणानुबंध मात्र स्मरणाने आणि सदाचरणाने टिकतो.

सर्व शोकाकुल भाविकांच्या मनास शांती लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.