१९६४ची चित्रं

काकाडू पाहून आलेले एक गृहस्थ परवा म्हणाले, "अहो, ती गाजलेली चित्रं निघाली १९६४ची! माझ्याहूनही लहान." फसवणूक झाल्याचा सूर. तो मला अजून खुपतो आहे.

उत्तर ऑस्ट्रेलियातलं हे राष्ट्रीय उद्यान १९८१पासून जागतिक वारसा आहे, निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही खात्यांवर. मगरी, धबधबे, पाणथळी यांचं कौतुक सहलवाले करतातच.

गृहस्थांच्या डोक्यात अजिंठा होता: रंगवणारे गेले, आता कुणी हात लावायचा नाही. अजिंठ्याला ते ठीकच. पण जपलेला वारसा वेगळा आणि चालू ठेवलेला वेगळा. काकाडूतल्या अनबांगबांगच्या खडकावर नयोम्बोल्मी या चित्रकारानं १९६४मध्ये जुन्या चित्रांवर रंग चढवला, तो तिथल्या रीतीप्रमाणे. त्याआधीही असंच चालत आलं होतं.

रानाचंही तेच. तिथले बिनिंज लोक ऋतू सहा मानतात. सहा म्हटल्यावर आपल्याला वसंत-ग्रीष्म आठवणार. पण तिथे पंचांग नाही, वारा फिरला, अमुक फूल आलं, की ऋतू पालटला. 'बांगेरेंग'ची वादळं पुरुषभर गवत झोपवतात. मग गारव्याचा 'येग्गे' लागतो आणि अर्धओल्या गवतात जागोजागी छोट्या आगी लावल्या जातात, म्हणजे पुढच्या कडक उन्हाळ्यात मोठ्या वणव्याला सरपण उरत नाही. परदेशी पाहुणा ज्याला अस्पर्श निसर्ग म्हणून फोटोत घेतो, ते पिढ्यान् पिढ्या जाळून राखलेलं रान असतं. मग यातलं निसर्गाच्या खात्यावर काय मांडायचं?

एवढं बोलून गृहस्थांना गप्प केलं असतं. पण नयोम्बोल्मी १९६७ साली वारला, आणि खडकावर रंगवणारे हात विरळ झाले. चित्रांवरून पाणी ओघळू नये म्हणून आता खडकाला सिलिकोनच्या रेघा मारतात. म्हणजे अजिंठाच! चालू वारशाची बाजू घेणाऱ्या मला त्या रेघा पुसाव्याशा वाटतात का? नाही वाटत. चित्र राहावं, असंच वाटतं.

मात्र हे ठरवायचं कुणी? हा प्रश्न तिथे नवा नाही. उद्यानाने वेढलेल्या रेंजरच्या युरेनियम खाणीला त्या जमिनीचे मूळ मालक असलेल्या मिरार लोकांचा विरोध होता. सरकारने त्यांचा नकाराधिकारच कायद्याने काढून घेतला. खाण झालीच, उत्पादन थांबलं ते २०२१मध्ये. त्याच लोकांनी शेजारची जबिलुकाची खाण मात्र अडवून धरली. तेव्हा एखादं चित्र पावसात जाऊ द्यायचं तिथल्या लोकांनी ठरवलं, तर जाऊ द्यावं. मला वाईट वाटेल, पण माझं मत तिथे कुणी विचारू नये.